हवेच्या पाइपातून किती हवा जाते? कॉम्प्रेसर, नळी आणि गळतीचा सोपा हिशोब

पंक्चरचं दुकान, गॅरेज, फॅब्रिकेशन, गाड्या धुण्याचं सेंटर, विहिरीवर होल मारणारा ट्रॅक्टर कॉम्प्रेसर, बोअरमधून हवेनं पाणी काढणारा कॉम्प्रेसर. आपल्या तालुक्यात हवेवर चालणारी कामं आता गावोगावी झाली आहेत. बरीच पोरं कर्ज काढून कॉम्प्रेसर घेतात. पण घेताना फक्त 'किती एचपी?' एवढंच विचारलं जातं. हवा किती देतो आणि ती पाइपातून शेवटपर्यंत किती पोचते, हे कुणी विचारत नाही. मग गन जोर धरत नाही, ब्रेकर खडकावर नुसता नाचतो, लाइट बिल वाढतं आणि दोष मशीनला दिला जातो.

पाण्याच्या पाइपलाइनचा हिशोब शेतकऱ्याला बरोबर कळतो. दोन इंची पाइपातून तीन इंचीचं पाणी निघत नाही हे कुणाला सांगावं लागत नाही. हवेचंही तसंच आहे. फरक एकच, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढी एक गोष्ट समजली की बाकी हिशोब मोबाइलवर पाच मिनिटांत होतो.

आधी मापं समजून घ्या

हवेत दोन वेगळी मापं असतात आणि लोक ती एकमेकांत मिसळतात.

दाब : गॅरेजमध्ये 'किलो' म्हणतात, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किती किलो जोर. टायरवाले 'पॉइंट' म्हणतात, ते पीएसआय. १ किलो म्हणजे साधारण १४ पॉइंट. ७ किलो म्हणजे साधारण १०० पॉइंट. बार हे तिसरं माप, पण बार आणि किलो जवळपास सारखेच, आपल्या हिशोबाला एकच धरले तरी चालतं.

प्रवाह : एका मिनिटात किती हवा वाहते ते. हे लिटरमध्ये मोजतात किंवा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. १ सीएफएम म्हणजे २८.३ लिटर मिनिटाला.

इथं एक मेख आहे. कंपन्या जी हवा सांगतात ती मोकळी हवा, म्हणजे बाहेर वातावरणात असते तशी. टाकीत गेल्यावर ती आकसते. घड्याळात ७ किलो दिसत असेल तर वातावरणाचा १ किलो मिळवून खरा दाब ८ किलो. म्हणजे बाहेरची ८ लिटर हवा आत १ लिटरच्या जागेत बसलेली असते. हा १ मिळवायचा विसरला की सगळा हिशोब चुकतो.

पहिला हिशोब : तुमचा कॉम्प्रेसर खरी हवा किती देतो?

मशीनच्या पट्टीवर लिहिलेला सीएफएम बऱ्याचदा पिस्टनच्या मापावरून काढलेला असतो. म्हणजे पिस्टन किती जागा झाडतो ते. प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा त्यापेक्षा कमीच असते. रिंग झिजली, व्हॉल्व्ह प्लेट खराब झाली, फिल्टर धुळीनं भरला की आणखी कमी. खरी हवा मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. टाकी, घड्याळ आणि मोबाइलचा स्टॉपवॉच पुरतो.

१. टाकीचं माप काढा. पट्टीवर लिटर लिहिलेले असतात. पुसले असतील तर मोजा. समजा टाकीचा आतला व्यास ४५ सेंमी आणि सरळ भागाची लांबी १२० सेंमी. अर्धा व्यास २२.५. मग ३.१४ × २२.५ × २२.५ × १२० = सुमारे १ लाख ९० हजार घन सेंमी, म्हणजे १९० लिटर. दोन्ही टोकांचे फुगीर भाग धरून २०० लिटर धरा.

२. टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. टाकीतलं पाणी आधी सोडून द्या, नाहीतर माप चुकतं.

३. मशीन चालू करा. घड्याळ ५ किलोवर आलं की स्टॉपवॉच सुरू, ७ किलोवर आलं की बंद.

४. दाब २ किलोनं वाढला. २०० लिटर × २ = ४०० लिटर मोकळी हवा आत गेली. समजा याला २ मिनिटं लागली. ४०० भागिले २ = २०० लिटर मिनिटाला. २०० भागिले २८.३ = ७ सीएफएम.

शून्यापासून मोजण्यापेक्षा ५ ते ७ मोजलेलं बरं, कारण आपलं काम याच दाबावर चालतं. कमी दाबावर मशीन जास्त हवा देतं, त्यामुळं शून्यापासूनचा आकडा फसवा निघतो.

आणखी एक सुधारणा. दाबलेली हवा गरम होते आणि गरम हवा फुगते, त्यामुळं वरचा आकडा थोडा जास्त येतो. बाहेर ३५ अंश आणि टाकीतली हवा ६० अंश असेल तर (२७३ + ३५) भागिले (२७३ + ६०) = ०.९२. मग २०० × ०.९२ = १८४ लिटर. ढोबळ कामाला २०० धरलं तरी चालेल, पण विकत घेताना भांडायचं असेल तर ही सुधारणा करूनच बोला.

नवीन मशीन आणल्या दिवशी ही चाचणी करा आणि लागलेला वेळ भिंतीवर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा करा. २ मिनिटांची ३ मिनिटं झाली तर हवा एक तृतीयांशनं घटली. रिंग, व्हॉल्व्ह, फिल्टर, पट्टा यांपैकी काहीतरी गेलं आहे.

दुसरा हिशोब : तुम्हाला हवा किती लागते?

प्रत्येक टूलच्या डब्यावर ते किती हवा खातं ते लिहिलेलं असतं. पण टूल दिवसभर चालत नाही. म्हणून ते किती वेळ चालतं त्या टक्क्यानं गुणायचं. समजा एका गॅरेजला :

- रंगाची गन : १८० लिटर मिनिटाला, निम्मा वेळ चालते. ९० लिटर.
- नट खोलायची गन : १५० लिटर, पाचवा हिस्सा वेळ. ३० लिटर.
- धूळ उडवायची गन : २५० लिटर, दहावा हिस्सा वेळ. २५ लिटर.

एकूण १४५ लिटर. त्यात गळतीसाठी १० टक्के आणि पुढं काम वाढेल म्हणून २५ टक्के धरा. १४५ × १.३५ = सुमारे १९६ लिटर. म्हणजे वर मोजलेला २०० लिटरचा कॉम्प्रेसर याला बरोबर पुरतो.

आता कुणी म्हणेल, रंगाची गन आणि नटाची गन एकदम चालली तर? १८० + १५० = ३३० लिटर लागतात आणि मशीन देतं २००. तूट १३० लिटरची. ही तूट टाकी भरून काढते. ७ किलोपासून ५ किलोपर्यंत टाकी ४०० लिटर देते. ४०० भागिले १३० = तीन मिनिटं. म्हणजे तीन मिनिटं दोन्ही चालतील, मग दाब उतरेल. टाकी म्हणजे शेततळंच आहे. मोटर तीच, पण साठा मोठा असेल तर अडचणीची वेळ निघून जाते. मात्र शेततळं नवीन पाणी तयार करत नाही, तसंच टाकी नवीन हवा तयार करत नाही.

तिसरा हिशोब : पाइपात दाब किती मरतो?

इथंच खरं नुकसान होतं आणि ते डोळ्याला दिसत नाही. कॉम्प्रेसरच्या घड्याळावर ६ किलो आणि नळीच्या टोकाला चार-साडेचार, असं सर्रास चालू असतं.

हवेच्या पाइपासाठी कारखान्यात वापरलं जाणारं सूत्र असं आहे :

दाबातली घट = ४५० × (प्रवाहाचा १.८५ घात) × लांबी, भागिले (व्यासाचा ५ घात × खरा दाब)

यात प्रवाह मोकळ्या हवेचा, लिटर दर सेकंदाला. लांबी मीटरमध्ये. व्यास पाइपाच्या आतला, मिलिमीटरमध्ये. खरा दाब म्हणजे पाइपाच्या सुरुवातीच्या घड्याळाचा आकडा अधिक १. उत्तर बारमध्ये, म्हणजे जवळपास किलोमध्ये येतं.

घात बघून घाबरू नका. मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडून फोन आडवा केला किंवा सायंटिफिकचं बटण दाबलं की घाताचं बटण दिसतं. आकडा टाका, घाताचं बटण दाबा, १.८५ टाका, झालं.

हे सूत्र दोन गोष्टी शिकवतं, त्या मात्र पाठच करा :

- पाइपाचा व्यास दुप्पट केला तर दाबाची घट बत्तीस पटीनं कमी होते.
- त्याच पाइपातून दुप्पट हवा काढली तर घट साडेतीन पटीहून जास्त वाढते.

विहिरीवरचं उदाहरण

आपल्याकडं काळा खडक. ट्रॅक्टर कॉम्प्रेसर लावून जॅकहॅमरनं होल मारल्याशिवाय विहीर खाली जात नाही. समजा दोन जॅकहॅमर चालतात आणि प्रत्येकाला ५० सीएफएम लागते. एकूण १०० सीएफएम, म्हणजे सेकंदाला ४७ लिटर. कॉम्प्रेसर वर काठावर, खाली ५० मीटर नळी. घड्याळावर ६ किलो, म्हणजे खरा दाब ७.

- पाऊण इंची एकच नळी (१९ मिमी) खाली नेऊन तिथं टी लावून दोन फाटे केले : घट १.६ किलो. टोकाला उरले ४.४ किलो.
- एक इंची नळी (२५ मिमी) खाली नेऊन मग फाटे केले : घट ०.४ किलो. टोकाला ५.६ किलो.
- वरूनच दोन स्वतंत्र पाऊण इंची नळ्या सोडल्या, प्रत्येकीत ५० सीएफएम : घट ०.४५ किलो. टोकाला ५.५ किलो.

जॅकहॅमर साधारण ५ ते ६ किलो दाबावर चालण्यासाठी बनवलेला असतो. ४.४ वर तो आवाज तेवढाच करतो, पण होल सावकाश पडतं. दर होलावर किंवा फुटावर ठरला असेल तर नुकसान कॉम्प्रेसरवाल्याच्या डिझेलचं. तासावर ठरला असेल तर पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात. म्हणून तासावर काम देताना नळी किती इंची आणि किती लांब, हे आधी विचारा. जास्तीची नळी काठावर गुंडाळून ठेवलेली असेल तर तीही लांबीत धरली जाते. हवा त्या गुंडाळीतूनच फिरून येते.

उलटा हिशोब : प्रत्यक्ष किती हवा जाते ते काढा

दोन घड्याळं असली की पाइपातून नेमका प्रवाह किती चालला आहे तेही काढता येतं. एक घड्याळ पाइपाच्या सुरुवातीला, दुसरं टोकाला टी लावून. दोन्ही आकडे टूल चालू असतानाच बघायचे. टूल बंद असताना हवा वाहतच नाही, मग दोन्हीकडं सारखाच दाब दिसतो. 'माझ्या मशीनला दाब बरोबर आहे' असं जे सांगतात ते बहुतेक वेळा टूल बंद ठेवून घड्याळ बघतात.

समजा १९ मिमीची ५० मीटर नळी, सुरुवातीला ६ किलो आणि टोकाला ५.५५. घट ०.४५.

१. १९ चा ५ घात = २४,७६,०९९.
२. ०.४५ × २४,७६,०९९ × ७ = सुमारे ७८ लाख.
३. भागिले (४५० × ५० = २२,५००) = ३४७.
४. ३४७ चा ०.५४ घात = २३.५ लिटर सेकंदाला.
५. × ६० भागिले २८.३ = ५० सीएफएम.

म्हणजे नळीतून ५० सीएफएम चालली आहे. भाड्याचा कॉम्प्रेसर सांगितली तेवढी हवा देतो की नाही, हे असं तपासता येतं. उत्तर काटेकोर नाही, कारण नळीची आतली स्थिती आणि जोड यांनी फरक पडतो. पण ५० च्या जागी ३० आले तर काहीतरी गडबड आहे हे नक्की.

गॅरेजमध्ये चोर कोण?

गॅरेजच्या मापाला पाइप लहान पडतो असं फार कमी वेळा होतं. अर्ध्या इंची जीआय पाइपातून (आतला व्यास १६ मिमी) ३३० लिटर हवा ३० मीटर नेली तरी घट ०.०५ किलोच्या आतच. खरा चोर असतो शेवटची बारीक नळी. रंगाच्या गनची १८० लिटर हवा १० मीटर नळीतून :

- ८ मिमीची नळी : घट ०.१५ किलो.
- ६ मिमीची नळी : घट ०.६३ किलो.

दोन मिलिमीटरचा फरक आणि घट चौपट. त्यात बारीक कपलिंग, कचऱ्यानं भरलेला फिल्टर, अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह आला की किलो-दीड किलो आरामात जातो. एल्बो, टी यांचाही हिशोब असतो. एक इंची पाइपाला प्रत्येक एल्बो म्हणजे साधारण एक मीटर जादा पाइप धरा.

बरेच जण दाब कमी पडला की कटआउट स्विच पिळून मशीनचा दाब वाढवतात. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या मार्गदर्शिकेनुसार दाब १ बारनं कमी केला तर ६ ते १० टक्के वीज वाचते. म्हणजे १ बार वाढवला तर तेवढीच जास्त जळते. शिवाय टाकीवर ताण वाढतो. दाब वाढवण्याआधी नळी बदला, स्वस्त पडतं. मुख्य पाइपात ०.३ आणि सगळ्या फाट्यांसह ०.५ बारपर्यंत घट चालते, असंही त्याच मार्गदर्शिकेत दिलं आहे.

गळतीचा हिशोब

रात्री दुकान बंद करताना सगळी टूल्स बंद करा, मशीन बंद करा, टाकीचा व्हॉल्व्ह मात्र उघडा ठेवा. ७ किलोवरून ६ किलोवर यायला किती वेळ लागतो ते बघा. २०० लिटर टाकीत १ किलो म्हणजे २०० लिटर हवा. १० मिनिटांत उतरला तर गळती २० लिटर मिनिटाला. मशीन २०० देतं, म्हणजे दहावा हिस्सा हवेतच गेला.

७ किलो दाबावर १ मिमीच्या छिद्रातून मिनिटाला ७० लिटरच्या आसपास हवा जाऊ शकते. ३ मिमीच्या छिद्रातून त्याच्या नऊ पट, म्हणजे वर मोजलेल्या आपल्या कॉम्प्रेसरच्या तिप्पट. साबणाचं पाणी ब्रशनं प्रत्येक जोडावर लावा, फुगे येतील तिथं टेफ्लॉन टेप किंवा नवीन क्लिप. तीन एचपीची मोटर तासाला साधारण अडीच युनिट खाते. गळतीपायी रोज एक तास जादा चालली तर महिन्याला ७५ युनिट. तुमच्या बिलातला दर लावून बघा.

बोअरच्या कॉम्प्रेसरसाठी

हवेनं पाणी उचलणाऱ्या बोअरमध्ये आधी दाबाचा हिशोब बघावा लागतो. हवेची नळी पाण्यात जेवढी बुडालेली, त्या दर १० मीटरला १ किलो दाब लागतो. नळीचं टोक पाण्याच्या पातळीखाली ६० मीटर असेल तर सुरू होताना किमान ६ किलो हवेत, अधिक नळीतली घट. पावसाळ्यानंतर पातळी वर येते, नळी जास्त बुडते आणि उन्हाळ्यात चालणारं मशीन सुरुवातीलाच अडतं, त्याचं कारण हेच.

जिवाशी खेळ नको

शेतातला उरलेला पीव्हीसी पाइप हवेसाठी वापरायचा मोह सगळ्यांना होतो. वापरू नका. पाण्याचा पाइप फुटला तर पाणी सांडतं. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, पाइप फुटला की पीव्हीसीचे तुकडे सुऱ्यासारखे उडतात. पाइपावर '१० किलो' लिहिलं असलं तरी ते पाण्यासाठी आहे. हवेला जीआय किंवा हवेसाठीच बनवलेला पाइप लावा.

- टाकीतलं पाणी रोज सोडा. साठलेलं पाणी टाकी आतून गंजवतं.
- सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बांधून किंवा बुजवून ठेवू नका.
- गंजलेली किंवा वेल्डिंगची ठिगळं लावलेली जुनी टाकी घेऊ नका.
- विहिरीत नळीच्या जोडांना क्लिपसोबत तार बांधा. सुटलेली नळी सापासारखी फटके मारते आणि खाली माणसं असतात.
- मुख्य पाइपाला शंभराला एक असा उतार द्या, फाटा पाइपाच्या वरच्या बाजूनं काढा, म्हणजे पाणी टूलमध्ये जात नाही.
- हवेची गन अंगावर, कपड्यांवर किंवा दुसऱ्याच्या शरीरावर थट्टेतही मारू नका.

कॉम्प्रेसर घेताना किंवा भाड्यानं लावताना चार प्रश्न

१. कामाच्या दाबावर खरी हवा किती सीएफएम? पिस्टनची सांगू नका.
२. टाकी किती लिटर? ५ ते ७ किलो व्हायला किती वेळ लागतो, समोर करून दाखवा.
३. नळी आतून किती मिमी आणि किती मीटर?
४. टूल चालू असताना टोकाला दाब किती?

चौथ्या प्रश्नाला घड्याळ लावून उत्तर देणारा माणूस भेटला तर दोन रुपये जास्त गेले तरी त्यालाच काम द्या. गावात कुणी नवीन गॅरेज टाकत असेल किंवा विहिरीचं काम काढत असेल, तर सौदा ठरायच्या आधी ही माहिती त्याच्यापर्यंत पोचवा.